न जळणारी फळी

"हात मागं घ्या बाई, चटका बसंल," असं म्हणत बाबू मेस्त्रीने चिमट्यातला निखारा फळीच्या तुकड्यावर ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली.

निखारा करवंटीचा होता. तो चिवट असतो, लाकडाच्या निखाऱ्यासारखा लगेच मान टाकत नाही. गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मालिनीबाई पदर सावरून वाकून बघत होत्या. चाकाच्या खुर्चीतून त्यांचे यजमान आप्पा एक डोळा बारीक करून बघत होते. आणि बाबूचा मुलगा समर्थ, मुंबईहून तो तपकिरी तुकडा घेऊन आलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून निर्धास्त उभा होता. बाबूने मनात शंभर आकडे मोजले. निखारा पांढरा पडला आणि विझला. फळीवर आठ आण्यांच्या नाण्याएवढा काळा डाग राहिला. बाबूने तो नखाने खरवडून पाहिला, आतून फळी जशीच्या तशी होती. मग त्याने तुकड्याचं टोक न्हाणीच्या चुलीत धरलं आणि बाहेर काढलं. टोकावरची ज्योत दोनदा फडफडली आणि आपली आपण गेली.

"घ्या," बाबू म्हणाला. "बिनघोर घ्या. ही जळायची नाय."

बाईंनी तिथल्या तिथे हो म्हटलं. दोन हजार सहा सालची गोष्ट. लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची फळी तेव्हा पावस गावाच्या आसपास कुणी पाहिली नव्हती. पण बाबू मेस्त्रीने 'घ्या' म्हटलं की पुढे विचारायचं काही राहत नसे. कारण हा माणूस मुळात नाही म्हणण्याबद्दल प्रसिद्ध. चाळीस वर्षं त्याने दाराच्या चौकटी बसवल्या आणि तेवढ्याच लोकांशी वाकडं घेतलं. एकदा डेपोतून आलेला अख्खा ट्रक सागवान त्याने दारातून परत पाठवला होता. "तुमच्या त्या नायपायी आपल्याकडं कोन पाव्हना चहाला थांबत नाय," असं त्याची बायको हौसा म्हणायची. म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटायचा.

बाईंचं घर गावाच्या वरच्या अंगाला. आंब्याची कलमं जिथे संपतात आणि कातळाचा सडा, म्हणजे उघडा माळ, सुरू होतो, अगदी त्या हद्दीवर. पावसानंतर सड्यावर कमरेएवढं गवत वाढतं, माघापर्यंत ते वाळून खडखडीत होतं, आणि मग कुणाची तरी विडी पुरते. दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात बाईंच्या घरामागचा लाकडी ओटा अर्ध्या तासात गेला होता. बाबूनेच बांधलेला, ऐनाच्या फळ्यांचा. आप्पा रोज दुपारी त्या ओट्यावर बसत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, 'बरं' एवढा एकच शब्द मागे राहिला होता. वणव्याच्या दिवशी त्यांना ताप होता म्हणून ते आत झोपलेले. नाहीतर खुर्ची मागे सारायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागतो. तेव्हापासून आप्पा खिडकीशी बसत, आणि खिडकीतून फक्त फणस दिसे.

चिऱ्याचा ओटा करायचा तर मागे उतार, आठ हात भराव घालावा लागला असता. शिवाय पावसात चिरा शेवाळतो, खुर्ची घसरते. म्हणून फळ्याच हव्या होत्या, पण न जळणाऱ्या. बाबूने हे फोनवर सहज बोलून दाखवलं आणि समर्थ पंधरा दिवसांत नमुना घेऊन हजर झाला. पोराने कधी रंधा हातात धरला नव्हता. मुंबईत पाच ठिकाणी उमेदवारी करून आता या फळीवाल्यांकडे लागला होता, अजून कायम व्हायचा होता. पण बापाच्या धंद्याच्या जवळपास आला, याचंच बाबूला कोण कौतुक! बाबू कुठलाही नवा माल निखारा ठेवून पारखायचा, तेव्हा लहानपणी पुठ्ठ्याने वारा घालायचं काम समर्थचंच असायचं.

पौषात फळ्यांचा ट्रक आला. लोखंडी सांगाडा तयारच होता. पहिल्याच फळीला बाबूला जाणवलं, शेवग्याच्या फांदीत जावी तशी करवत आत जातेय. नमुन्याने तर पातं बोथट केलं होतं. त्याने फळी हातात तोलून पाहिली. जराशी हलकी वाटली. डेपोवाल्याचा माल असता तर बाबूने त्याच क्षणी चिमटा मागवला असता. पण हा पोराचा माल. बाईंच्या देखत पोराच्या मालावर निखारा ठेवायचा त्याला संकोच वाटला. 'म्हातारा झालो, हातालाही खोटं वाटायला लागलं,' असं स्वतःलाच म्हणून त्याने पुढची फळी ओढली.

ओटा देखणा झाला. समर्थ त्याला डेक म्हणे. आप्पांची खुर्ची पहिल्यांदा बाहेर आणली तेव्हा कलमांच्या शेंड्यांवरून समुद्राची पट्टी दिसत होती. आप्पा म्हणाले, "बरं. बरं. बरं." बाई तोंड फिरवून आत गेल्या, चहाचं निमित्त करून. त्या दिवसापासून बाई तीन वाजता कलमांकडे उतरत आणि पाचला वर येत. तोवर आप्पा एकटे ओट्यावर, मांडीवर घंटी घेऊन.

महिना गेला. एका सकाळी हौसाच्या न्हाणीतल्या चुलीचा बाजूचा दगड फुटला. कामावरून आणलेले फळीचे दोन तुकडे पडवीत पडले होते, तेच तिने लाकडं अडवायला दगडाच्या जागी उभे केले. पाणी भरायला आलेल्या यमुनाबाईला तिने मुद्दाम आत बोलावून दाखवलं. "आमच्या समर्थाची फळी. आगीला भीक घालत नाय."

मग तिने चूल पेटवली.

बाबू विहिरीवर दात घासत होता. हौसाची किंकाळी ऐकून तो धावला तर न्हाणीवरच्या माडाच्या झापांपर्यंत जाळ गेला होता आणि चुलीच्या तोंडातून पेटते थेंब टपटप गळत होते. दोघींनी आणि त्याने मिळून घागरी रिकाम्या केल्या. काळा, उग्र धूर अंगणभर झाला. यमुनाबाई आपली कळशी उचलून गेली.

"मी ता मुद्दाम ठेवलेला ओ," हौसा म्हणत होती. "जळत नाय म्हनून ठेवलेला."

बाबूने हत्यारांच्या फळीवरून तो पहिला नमुना काढला, काळ्या डागाचा. शेजारी अर्धवट जळलेला तुकडा ठेवला. रंग तोच, अंगावरच्या रेघाही त्याच. त्याने जळक्या तुकड्याच्या चांगल्या टोकावर निखारा ठेवला. वीसपर्यंत मोजेतो ज्योत उठली. मग समर्थनेच दिलेल्या मोबाइलवरून त्याने समर्थला फोन लावला.

"चुकून दुसरा माल इला असंल ना रे?" त्याने आधी हेच विचारलं. पोराने हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

पलीकडे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "बाबा, तो भारीवाला माल बाहेरून येतो. बाईंना परवडलाच नसता. इथे गोडाऊनमध्ये हा पडून होता. हा खपवला म्हणून तर मी कायम झालो. दिसायला सेमच आहे ना?"

"तुला ठाऊक होता?"

"टेन्शन नका घेऊ. कोण बघायला येतंय?"

"समर्था, मग मला दिलास त्यो तुकडा?"

"तुम्हाला दुसरा कसा देणार?" समर्थ म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नसावं. "तुम्ही निखारा ठेवणार, हे मला ठाऊक नव्हतं होय?"

बाबू पायरीवर बसला. साऱ्या जगाने फसवलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. बापाचा हात कुठे जाणार हे ओळखून पोराने तेवढाच तुकडा खरा ठेवला होता. हौसा विचारत होती, काय म्हनला, काय म्हनला.

उन्हं कलली तसं त्याला आठवलं, तीन वाजत आले. जेवण तसंच टाकून तो चढण चढून बाईंच्या घरी गेला. आप्पा ओट्यावर एकटेच होते, आणि मागे सड्यावरचं गवत वाऱ्याने सळसळत होतं. बाबूने खुर्चीचे दांडे धरले आणि ती आत घेतली. आप्पांनी डाव्या हाताने चौकट घट्ट पकडली. ती बोटं बाबूला एकेक करून सोडवावी लागली. घंटी वाजली तशी बाई खालून धापा टाकत आल्या.

बाबूने उभ्यानेच सगळं सांगितलं. न्हाणीचं, थेंबांचं, नमुन्याचं. समर्थचं नाव तेवढं घेतलं नाही.

"बाबू," बाई म्हणाल्या, "मला फळीतलं काय कळतं हो? तुम्ही निखारा ठेवलात तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर हो म्हटलं मी. महिनाभर मी यांना रोज त्याच्यावर बसवून खाली जातेय."

"व्हय बाई. मीच बसवली फळी. हाताला हलकी लागली तरी बसवली."

बाईंनी विचारलं, "समर्थला ठाऊक होतं?"

"नाय बाई. त्याला काय ठाऊक? वरून जा आला ता त्याने धाडला."

बाबू मेस्त्री कुणाच्या दारात उभा राहून पहिल्यांदाच खोटं बोलला. चाळीस वर्षं ज्या तोंडाने नाही म्हणून लोक दुखावले, त्याच तोंडाने.

"चौथीत माझ्या वर्गात होता तो," बाई हळूच म्हणाल्या. "खोटं बोलला की कान लाल व्हायचे." त्यांनी बाबूच्या कानांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून बाबूने एकेक स्क्रू काढून सगळ्या फळ्या उतरवल्या. आप्पा दाराच्या आत बसून बघत होते. मधे रिकामा लोखंडी सांगाडा राहिला, त्यातून खालची माती दिसत होती. "चिऱ्याचा ओटा घालतो आप्पा," बाबू त्यांच्यापाशी उकिडवा बसून म्हणाला. "भराव, चिरा, सगळा माझ्याकडनं. शेवाळ धरंल ता दर श्रावनात मी येऊन खरवडीन. हात चालतायत तोवर."

आप्पा म्हणाले, "बरं."

मग या वयात बाबू मेस्त्री गवंड्याच्या हाताखाली लागला. सुतार चिरे वाहतोय हे बघायला लोक मुद्दाम त्या वाटेने गेले. गवंडी शिवा त्याचा जुना वैरी, पूर्वी एकदा त्याची भिंत ओळंब्यात नाही म्हणून बाबूने चारचौघांत सांगितलेलं. पण शिवा जड चिरे स्वतः उचलायचा आणि हलके बाबूकडे द्यायचा.

शिमग्याला समर्थ घरी आला. पालखी यायला दोन दिवस होते. सकाळी त्याने पिशवीतून एक तुकडा काढला आणि बाबूसमोर ठेवला. "बाबा, हा खरा. साहेबांशी भांडून मिळवला. बाईंना यातला माल देऊ, मी बघतो सगळं." बापाने हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने स्वतःच चुलीतून करवंटीचा निखारा आणला, स्वतःच पुठ्ठा घेतला आणि लहानपणी घालायचा तसा वारा घालू लागला. निखारा पांढरा पडला आणि विझला. आठ आण्यांएवढा डाग राहिला.

"बघा," समर्थ वर बघत म्हणाला.

बाबू फळीकडे बघतच नव्हता. पुठ्ठा धरलेल्या त्या हाताकडे तो पाहत होता.

"बाईंना तुम्ही काय सांगितलंत?" समर्थने विचारलं. "काल वाटेत भेटल्या. 'बरा आहेस ना' म्हणाल्या. दुसरं काहीच नाही."

"तुला ठाऊक नव्हता म्हनून सांगितलंय," बाबू म्हणाला. "तेवढा सांभाळ."

समर्थचे कान लाल झाले. बाबू उठला, खांद्यावर पंचा टाकून बाहेर आला आणि पायरीवर चप्पल शोधू लागला. ओट्याचा शेवटचा थर आज व्हायचा होता. कुडापलीकडे न्हाणीत समर्थचा आवाज ऐकू आला.

"आई, हा तुकडा चुलीशी लाव. हा खरंच जळत नाय."

बांगड्या वाजल्या.

"नको रे बाळा," हौसा म्हणाली, अगदी मायेने. "तिथं मी चिरा बसवलाय. पानी तापलंय, आंघोळ करून घे."