निळ्या रंगाखालची मी

मित्रांनो, ट्रॅक्टरच्या मागे गुमान चालत राहणे एवढेच जिने आयुष्यभर केले, अशी मी एक जुनी ट्रॉली आहे. कुंडलजवळच्या एका मळ्यात, शेवग्याच्या झाडाखाली माझी जागा. रंग नवा दिसतो म्हणून फसू नका. माझे वय एकतीस आहे, आणि आम्हा ट्रॉल्यांत ते म्हातारपणच.

माझा जन्म औंधच्या रस्त्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. पत्र्याचे छप्पर, एक वेल्डिंग मशीन आणि दोन माणसे, एवढाच तो कारखाना. त्यांनी आधी जाड लोखंडाची माझी चासी जोडली. चासी म्हणजे माझा खालचा सांगाडा, सगळे ओझे पेलणारा. तिच्यावर पत्र्याचा हौदा बसवला आणि मागे उघडणारा फाळका. शांतिनाथआप्पा मला न्यायला आले, तेव्हा माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "रंग निळा द्या. आमच्या घरात निळा आवडतोय."

घरात म्हणजे त्यांच्या पत्नीला, गुणमालाकाकींना. त्या काळी नवराबायकोने मिळून कुठे जायचे म्हणजे हळद घेऊन सांगलीच्या बाजाराला. आप्पा ट्रॅक्टरवर आणि काकी माझ्यात, पोत्यांवर. येताना रिकाम्या हौद्यात त्या गुणगुणत बसायच्या. ट्रॅक्टरच्या आवाजात आप्पांना ते ऐकू जायचे नाही, मला मात्र जायचे. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या जैन घरचा नेम, म्हणून भिलवडीच्या पुढे कुठल्या तरी झाडाखाली आम्ही थांबायचो आणि दोघे माझ्या फाळक्यावर बसून भाकरी खायचे. त्या दोघांचा निवांत वेळ म्हणाल तर तेवढाच.

पुढे मी ऊस वाहिला, द्राक्षांच्या पेट्या वाहिल्या, खत वाहिले. खताचे पोते फाटले की कोपऱ्यात पांढरा चुरा राहायचा. दव पडले की तो ओलसर व्हायचा आणि हळूहळू लोखंड खायचा. कुणाच्या लक्षात आले नाही, कारण मी दिसायला देखणी होते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. त्या दिवशी सकाळी आप्पा मला बादल्यांनी धुवायचे, फडके फिरवायचे आणि पूजेच्या आत घाईघाईने निळ्या रंगाचा एक हात मारायचे. आप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तो हात काकी स्वतः मारू लागल्या. येणारेजाणारे म्हणायचे, "काकी, ट्रॉली काल आणल्यागत दिसती." काकींचा चेहरा फुलायचा. रंगाखाली तांबेरा, म्हणजे गंज, चढतो आहे, हे फक्त मला ठाऊक होते.

गेल्या भाद्रपदात खत आणताना माझा तळ फाटला आणि एक पोते खाली रस्त्यावर पडले. काकींचा मुलगा जिनेंद्र उतरला. त्याने भोकात बोट घातले, तर पत्रा पापडासारखा मोडला. घरी येऊन तो म्हणाला, "आई, ह्यात आता काय राहिलं न्हाई. सोमवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

काकींनी वाकून माझ्या तळाचे भोक बघितले. मग म्हणाल्या, "बिराप्पाला बोलीव. त्यो म्हनला गेली, तर ने."

बिराप्पा म्हसवडकडचा. कुंडलच्या रस्त्याला त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. तो उकिडवा बसला, छिन्नीने माझी एक कड खरवडली, तशी रंगाची सालच्या साल निघाली.

"आवं काकी, ह्ये तर कांद्यागत सुटतंय."

"कांद्याचं नाव काढू नगंस आमच्या दारात."

"बरं, कोबीगत म्हनू. रंग कसा दिला हुता?"

"दर खंडेनवमीला, धुऊन. पूजेला घान कशी ठिवायची?"

"मंजी वल्ल्यावरच. तांबेराबी तसाच आत." बिराप्पाने मान हलवली. "लोखंडाला वल्लं लुगडं नेसवलं तुमी, काकी. दरसाल."

काकी शेवग्याच्या बुंध्याशी बसल्या. "मी हिला जपतीया म्हनत हुते," त्या म्हणाल्या. "ह्यांनीबी तसंच केलं, मीबी तसंच केलं."

"दोघांनी मिळून केलं न्हवं? मग एकटीनं कशाला रडताय?" असे म्हणून बिराप्पाने हातोडी काढली. "तळ गेला तर नवा टाकू. चासी बघायची. ती खणखणीत वाजली तर ही अजून धा वर्सं चालंल. बद्द वाजली, तर मीच भंगारवाल्याला फोन लावतो."

दोन दिवस त्याने मला तारेच्या ब्रशने घासले, ग्राइंडर फिरवला. एकेक जागा मोकळी करून तो हातोडी मारायचा. ट्रॅक्टरला जोडायची दांडी खणखणीत वाजली. मधल्या पट्ट्याही तशाच वाजल्या. राहिला फक्त मागचा सांधा, जिथे चासी चाकांच्या आसावर बसते. तिथे कुंभारमाशीने मातीची चार घरे बांधली होती. बिराप्पाने छिन्नी उचलली.

"थांब," काकी म्हणाल्या. "आत जीव हाय."

"काकी, सगळं वझं त्याच जागंवर येतंय. तीच तर बघायची हाय."

"बघ की. पिल्लं उडून गेल्यावर."

"आई, सोमवारी मानूस येतोय," जिनेंद्र म्हणाला.

"त्याला सांग, ट्रॉलीत भाडेकरू हाईत."

बिराप्पाने कपाळाला हात लावला आणि हत्यारे आवरली. जैनांच्या घरी हा वाद जिंकता येत नाही, हे त्याला माहीत होते. सोमवारी भंगारवाला आला, माझ्याकडे बघून गेला. जिनेंद्रने त्याला दसऱ्यानंतर यायला सांगितले. मित्रांनो, ते दिवस मला फार जड गेले. माणसाला निदान आपले कुठे दुखते ते कळते. मला तर माझाच सांधा शाबूत आहे की नाही, ते ठाऊक नव्हते.

खंडेनवमी आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी रंगाशिवाय उभी होते. अर्धी उघडी, अर्धी फाटक्या निळ्या सालींची, तळाला भोक. शेजारच्या रंगुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आवं, हिची अशीच पूजा करताय?"

"आजारी मानसाला कुनी पावडर लावतंय व्हय?" काकींनी त्या दिवशी मला धुतले नाही. कोरड्या फडक्याने पुसले आणि खरबरीत लोखंडावरच हळदकुंकू लावले.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मातीच्या प्रत्येक घराला एक गोल भोक पडलेले दिसले. काकींनी चष्मा लावला, चारही भोकांत खराट्याची काडी हलकेच फिरवून पाहिली आणि मगच बिराप्पाला निरोप धाडला. त्याने माती काढली. खाली तांबेराच तांबेरा. तो घासत राहिला, आणि काकी माझा फाळका घट्ट धरून उभ्या राहिल्या. मग हातोडी पडली.

खणखणीत आवाज शेवग्याच्या शेंड्यापर्यंत गेला असेल. त्याने पुन्हा मारली, बाजूला मारली, खालून मारली. मग हातोडी जिनेंद्रच्या हातात दिली. "तूच मार गड्या. मी सांगितलं तर म्हनशील, काकीच्या बाजूचा हाय."

जिनेंद्रने मारली. पुन्हा तोच नाद उठला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "व्हय, जिनेंद्र बोलतोय कुंडलवरनं. ट्रॉली द्यायची न्हाई आमाला. न्हाई, कवाच न्हाई."

काकींनी पदराने डोळे टिपले. "दिस कलला," त्या म्हणाल्या. "आदी जेवून घ्या दोघं."

नवा तळ बसला. जिनेंद्रला वाटले, आता मोटारीला मारतात तसला भारी रंग आणावा. बिराप्पा हसला. "ही काय नवरी हाय? अवजारांचा साधा रंग आन, ट्रॅक्टरला मारत्यात त्यो. स्वस्त असतोय आन् लय टिकतोय. खालचं काम नीट झालं पायजे बघ." त्याने मला थिनरच्या फडक्याने पुसले, गंज रोखणारे तांबूस रेड ऑक्साइड लावले आणि दिवसभर उन्हात सोडले. मग निळ्या रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. काकींना तेवढाही धीर निघेना. त्यांनी ब्रश उचलला, तो बिराप्पाने काढून घेतला. खताचे पाणी साचू नये म्हणून त्याने कोपऱ्यांत छोटी भोके पाडली.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादे गेट असेल, सायकल असेल, पाण्याची टाकी असेल. तिला रंग द्याल तेव्हा सणाची घाई करू नका. आधी खरवडून बघा, खाली काय आहे ते. वाईट दिसेल, थोडे दिवस तसेच दिसू द्या. ओल पूर्ण जाऊ द्या. आम्ही लोखंडाची माणसे चिवट असतो, आम्हाला फक्त कोरडे ठेवा.

दिवाळीत दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. उघडीप झाल्यावर काकी माझ्यापाशी आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि त्यांनी माझ्या पोटाखालून, त्या मागच्या सांध्यावरून, तळहात फिरवला. मग तो उजेडात धरून बघितला. बोटांवर तांबेऱ्याचा एक कणही नव्हता.