शेठचं वय

आमच्या दवाखान्यात पैसे कमी पडले की जनावराचं वय वाढतं. ही पद्धत कुणी ठरवून पाडली नाही, ती आपोआप पडत गेली. डॉक्टर तपासतात, काय करावं लागेल ते सांगतात आणि हात धुवायला आत जातात. पैशाचं बोलणं माझ्याकडे. मी काउंटरवर खर्चाचा कागद छापते, समोर सरकवते आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसते. काहीजण लगेच पाकीट काढतात. काहीजण कागद उलटून मागे बघतात, जणू सवलत तिकडे लिहून ठेवलीय. आणि काहीजण आधी कुत्र्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि घसा खाकरतात. तसं झालं की मी आत जाऊन डॉक्टरांना म्हणते, वय जरा जास्तच वाटतंय.

डॉक्टरांना तेवढं पुरतं. ते बाहेर येतात, जनावराचा जबडा उघडून दातांवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "या वयात भूल झेपायची नाही. घरी न्या, जपा." दुखणं कमी करायच्या गोळ्या देतात, त्यांचे पैसे घेत नाहीत. माणसं रडतात, पण मोकळी होऊन रडतात. वयापुढे कुणाचं काय चालतं, असं म्हणतात आणि जातात. खिसा रिकामा होता म्हणून आपलं जनावर गेलं, हे ओझं घेऊन आमच्या दारातून कुणी बाहेर पडत नाही. मला या गोष्टीचा अभिमान होता. लोक पुण्य कमवायला कुठे कुठे जातात. मला ते पगाराबरोबर मिळत होतं.

शेठ आमचा कुत्रा. बाबा शाळेची बस चालवायचे. एकदा मुलांना सोडून त्यांनी बस जागेवर लावली, तर मागच्या सीटवर एक पिल्लू ऐसपैस बसलेलं. काही केल्या उतरायला तयार नाही. बाबा म्हणाले, शेठ, शेवटचा स्टॉप आला. तेव्हापासून तो शेठ, आणि नावाला जागला. जन्मात काडीचं काम केलं नाही, जेवण मात्र वेळच्या वेळी पाहिजे. आई गेली, बाबा निवृत्त झाले, मी दिवसभर दवाखान्यात; मग बाबा सगळं बोलणं शेठशीच करायला लागले. पेपरातली बातमी त्याला वाचून दाखवायचे आणि वर आपलं मत सांगायचे. शेठ कधी वाद घालत नसे. घरातल्या कुणातच हा गुण नव्हता, माझ्यात तर मुळीच नाही.

तो जेवेनासा झाला. बाबांनी आधी ते माझ्यापासून लपवलं, त्याच्या ताटलीतलं गुपचूप टाकून द्यायचे. पोट फुगलेलं दिसायला लागलं तेव्हा एका दुपारी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आले आणि चारचौघांसारखे रांगेत बसले. मीही चारचौघांसारखीच त्यांची नोंद केली. नंबर आला. कंपाउंडरने शेठचे पाय धरले, डॉक्टरांनी पोटावर सोनोग्राफीचं मशीन फिरवलं आणि ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

गाठ होती. पोटातली गाठ काढायला काय लागतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. तो कागद मीच छापते. त्या आकड्याच्या आसपासही आमची बचत नव्हती. नोकरांना सवलत फक्त तपासणीच्या फीवर. मी एक अक्षर बोलले नव्हते. बोलायचं कारणही नव्हतं, कारण माझ्या पगारावर सही डॉक्टरच करतात. त्यांनी शेठचा जबडा उघडला, दातांवरून बोट फिरवलं आणि बाबांना म्हणाले, "काका, या वयात भूल झेपायची नाही. घरी न्या, जपा."

कंपाउंडर नळाकडे वळला आणि धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागला. बाबा म्हणाले, वयापुढे कुणाचं काय चालतं, आणि शेठला उचलून घेतलं. मी दार उघडून धरलं. मग काउंटरवर आले आणि पुढचा नंबर पुकारला.

भूल झेपत नाही म्हणे. मला तर न मागता मिळाली होती. पोपटाचा पिंजरा घेऊन आलेल्या एका बाईंशी मी व्यवस्थित बोलले, सुट्टे पैसे दिले, वर पोपटाचं कौतुकही केलं. आत कुठेतरी हिशोब मात्र चालू होता. शेठपेक्षा म्हातारा कुत्रा मागच्याच आठवड्यात आमच्याच टेबलावर होता. टाके पडले आणि जाताना तो मालकाला ओढत घेऊन गेला. मालक इमारतींचा कंत्राटदार, त्याने कागद पुरता वाचलाही नव्हता. म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी माझ्यावर दया केली होती, आणि दया कशी करतात ते मलाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

घरी गेल्यावर मी बाबांना खरं सांगितलं नाही. एक वेगळा उपाय विचारून बघते, खर्च येईल, एवढंच म्हटलं. बाबांनी काही न विचारता कपाटातून पाकीट काढलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते ते. मी डोळ्यांचं काय म्हणून विचारलं.

"त्यांना काय घाई आहे? बघायचं ते बघून झालंय," बाबा म्हणाले.

त्यात मी मैत्रिणीकडून उसने घेतलेले घातले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि शेठला कधी आणू ते विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. पाकिटाला हातही लावला नाही.

"ताई, मी काकांना खरं तेच सांगितलं. लिव्हरपर्यंत पसरलंय. भूल दिली तर टेबलावरच जाईल."

"बेकरीवाल्या बाईंकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या मांजराच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होता."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"आवाज तोच होता, डॉक्टर."

त्यांनी सोनोग्राफीचा फोटो पाकिटातून बाहेर काढला, उजेडात धरला आणि पांढुरके डाग दाखवले. असे फोटो मी रोज पाकिटात घालून लोकांच्या हातात देते, पण ते वाचायला मी कधी शिकले नाही. मला सगळीकडेच पांढुरकं दिसत होतं. बघायचंच असेल तर पोट उघडतो, पैसे घेणार नाही, असंही ते म्हणाले. मी कंपाउंडरला विचारलं. डॉक्टर म्हणतात तसंच असेल ताई, असं तो म्हणाला. मांजराच्या वेळीही तो हेच म्हणाला होता.

फोटो घेऊन मी दुसऱ्या एका दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, उघडून बघावं लागेल. मग काउंटरवरच्या मुलीने माझ्यापुढे कागद सरकवला आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. फार चांगलं काम करत होती. विचार करते, असं सांगून मी निघाले. एक डॉक्टर फुकट मारायला तयार, दुसरा पैसे घेऊन बघायला तयार, आणि दोघांपैकी खरं कोण बोलतोय ते ओळखायची माझी अक्कल नोकरीतच झिजून गेलेली. शेवटी मी आमच्या डॉक्टरांचं ऐकलं. पटलं म्हणून नाही. त्याला टेबलावर घालायची माझी हिंमत झाली नाही.

पाकीट परत दिलं तेव्हा बाबांनी ते हातात धरूनच ठेवलं. शेठ त्यांच्या पायाशी पडलेला होता.

"तू तिथेच असतेस. खरं सांग, पैशामुळे तर नाही ना?"

"नाही बाबा. या वयात भूल झेपायची नाही."

ते वाक्य मी त्याआधी कधी स्वतः म्हटलं नव्हतं. अगदी सहज आलं. बाबांनी मान हलवली आणि शेठच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचा विश्वास बसला होता.

शेठ नंतर फार राहिला नाही. एका सकाळी बाबा त्याला रस्त्याच्या कामाची बातमी वाचून दाखवत होते. बातमी संपली, मत सांगून झालं, आणि खाली बघतात तर तो गेलेला. बाबांनी मला दवाखान्यात फोन केला. मी डॉक्टरांना सांगून निघाले. त्यांनी दारापर्यंत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आभार मानले.

घरी शेजारपाजारची माणसं जमली होती. बाबा लहान मुलासारखे रडत होते आणि येईल त्याला सांगत होते, पैसे होते हो, पैशाला आम्ही मागेपुढे बघितलं नसतं, पण वयच झालं होतं. असं दर वेळी म्हटलं की त्यांचं रडणं जरा हलकं व्हायचं. मी ओट्यापाशी सगळ्यांचा चहा करत होते. शेजारच्या काकू मागून आल्या, माझ्या हातातली गाळणी काढून घेतली आणि म्हणाल्या, रड गं, रडलीस की मोकळी होशील. मी हो म्हटलं आणि थांबून बघितलं. काही आलं नाही. तो जाणारच होता की मी त्याला जाऊ दिला, हे एकदा कुणीतरी सांगितलं असतं तर मी रडले असते.