सहावं इंजेक्शन

“सिस्टर, ही दिसली नाही कुठे चार दिवसांत?” बाही वर सरकवत शिंपीकाकांनी विचारलं.

सिस्टरच्या हातातली सिरिंज थांबली. आठवड्याला एक, असं हे सहावं इंजेक्शन. पहिल्या तीन वेळा काकांनी तिला ओळखलंही नव्हतं.

वृद्धाश्रमात तिला अकरा वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी काका चालताना अडखळायला लागले, तळपायांना मुंग्या येतात म्हणायचे. मग माणसंच विसरायला लागले. त्यांची बायको, पलीकडे बायकांच्या खोल्यांत राहणाऱ्या काकू, रोज तिला गाठायच्या. “अहो, हे असे नव्हते हो. डॉक्टरांच्या कानावर घाला ना एकदा.”

“काकू, वय झालं की असंच व्हायचं,” ती म्हणायची. तिला ते खरंही वाटायचं. कामानं मान वर करायला फुरसत नसायची.

मग एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. त्यानंतर नवे डॉक्टर आले, त्यांनी काकांचं रक्त तपासलं. बी-बारा तळाला गेलं होतं. मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू, तिनं बी-बारा कमी होत जातं, त्यात जेवण चिमणीएवढं. “हे नुसतं वय नव्हे,” रिपोर्ट तिच्यापुढे सरकवत ते एवढंच म्हणाले.

“काका,” सिस्टर स्टूल ओढून बसली, “काकू गेल्या. तीन महिने झाले.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. “मी कुठे होतो?”

“तिथेच. त्यांच्या उशाशी.”

“रडलो का?”

हो म्हणणं सोपं होतं. “नाही. ‘या कोण?’ म्हणून मला विचारलंत.”

काकांनी मान खाली घातली. “हे औषध आधी मिळालं असतं तर?”

“तुम्ही त्यांना ओळखलं असतं बहुतेक. काकू कळकळीनं सांगत होत्या. मीच ऐकलं नाही, काका.”

त्यांनी दंड पुढे केला. सुई निघाल्यावर म्हणाले, “तिच्या खोलीपर्यंत न्या मला.”

पाय आता पूर्ण सुधारणार नव्हते. वॉकर रेटत, थांबत थांबत ते पोचले. काकूंच्या पलंगावर एक नवीन आजी मोजे चढवत बसल्या होत्या. परका पुरुष दारात बघून त्या गडबडीनं उठायला लागल्या.

“बसा, बसा. उठू नका,” काका म्हणाले. “सकाळचं ऊन येतं ना इथे?”

“येतं की. पार पायांपर्यंत.”

“बरं झालं,” काका म्हणाले, आणि वॉकर वळवण्याआधी त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.