काळ्या फळीवरची चमक

"मावशी, हात थांबला तुमचा," पर्यवेक्षक पाठीमागून म्हणाला.

"हात नाही हो, नजर रेंगाळली," असं म्हणत तिने हातातली इंजेक्शनची कुपी चांगल्या कुप्यांच्या खोक्यात ठेवली. फिरवताना तिच्यात क्षणभर काहीतरी चमकलं होतं.

एकोणीस वर्षं ती त्या दिव्याखाली बसत होती. बुटकी म्हणून पायाखाली लाकडी ठोकळा. कुपी मानेला धरून उलटी करायची, गोल फिरवायची. पांढऱ्या फळीपुढे काळा कण शोधायचा, काळ्या फळीपुढे काचेचा. कारखान्यात सगळे तिला घारमावशी म्हणत. पण या घारीला अर्धशिशी आहे, हे तिथे एकीलाच ठाऊक होतं. शेजारी कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या तिच्या धाकट्या जावेला.

डोकं उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी काठाची लकाकी नाचायची. मग एका बाजूचं कानशील घण घातल्यासारखं ठणकू लागे; उजेड नको, आवाज नको, पोटात ढवळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "साध्या दुखण्यात डोकं पट्ट्याने आवळल्यासारखं होतं. तुमची ही अर्धशिशी. उपाशी राहू नका, झोप मोडू नका. दुखू लागताच गोळी घ्या. पण आठवड्यात दोनदाच, नाहीतर गोळीच डोकं दुखवील. आणि कामावर सांगून टाका."

शेवटचं सोडून तिने सगळं पाळलं.

कामावर तिची स्वतःची युक्ती होती. चमक दिसली की डोळे मिटायचे. मिटूनही दिसली तर ती आपली, विझली तर कुपीतली. आपली असली की ती जावेशी जागा बदलून चिठ्ठ्या चिकटवत बसे. आज मात्र पर्यवेक्षक पाठीमागे उभा. त्या खुर्चीत डोळे मिटणं म्हणजे डुलकीच. तिने मिटले नाहीत. आपलीच असेल, म्हणून कुपी सोडली.

तो पुढे सरकल्यावर तिने डोळे मिटले. अंधार. स्वच्छ, काळाभोर अंधार.

"अगं, ती चमक कुपीतली होती!" ती पुटपुटली.

खोकं तोवर पट्ट्यावरून पुढे जाऊन बंदही झालं होतं. बाहेर गाडी लागली होती.

"गप्प बसा ताई," जाऊ दबक्या आवाजात म्हणाली. "निवृत्तीला दोन वर्षं उरलीत."

"कुणाच्या तरी शिरेत जाईल ती काच."

"मग डुलकी लागली म्हणा! ताकीद देतील, खुर्ची तरी राहील."

"आणि पुन्हा कुणी पाठीमागे उभं राहिलं तर?"

जावेने पुढची चिठ्ठी उचलली. तेवढ्यात घारमावशीच्या डाव्या डोळ्याच्या कडेला बारीक नागमोड हलली. तिने डोळे मिटले. नागमोड तिथेच. या वेळी ती आपलीच होती. धावपळीत सकाळपासून पोटात काही नव्हतं.

ती ठोकळ्यावरून उतरली आणि भिंत धरत पर्यवेक्षकापाशी गेली. "साहेब, गाडी थांबवा. शेवटचं खोकं उघडा, त्यात काच गेलीय."

"का? झोप लागली होती?"

"नाही. मला अर्धशिशी आहे. सात वर्षं झाली. लपवली मी."

तो गाडीच्या दिशेने पळाला.

ती औषधाची गोळी घेऊन अंधाऱ्या कोठीत पडली. कपाळावर ओला रुमाल. बाहेर त्या खोक्यातली एकेक कुपी धाकटी जाऊ फिरवत होती, आणि प्रत्येक खणखण तिच्या कानशिलात वाजत होती. तासाभराने दार किलकिलं झालं.

"सापडली, ताई. केसाएवढी आहे."

"काळ्या फळीपुढे?"

"हो."

"मग नजर चुकली नव्हती," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने दोघींच्या जागा कायमच्या बदलल्या. "मावशी, माझा नाइलाज आहे," एवढंच तो म्हणाला. तिने मान हलवली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

जाऊ चांगली उंच. दिव्याखाली बसली तेव्हा ठोकळ्यामुळे तिचे गुडघे मेजाच्या फळीला टेकले.

"अगं, काढ की तो. अवघडशील."

"राहू दे," जाऊ म्हणाली, आणि गुडघे तिरके करून तिने पहिली कुपी उचलली.