सोमारीचं वय

मनगटी अजून सैलच होती. बारशाला बांधलेली, काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी सोमारीच्या हातावर बोटभर वर सरकत होती, पुन्हा खाली येत होती, आणि शाळेच्या ओसरीवर रांगेत बसलेली तिची आई मनकर्णा ती मनगटी उगाचच वर-खाली करत होती. शेजारच्या ताराबाईच्या झिंगूची मनगटी वर्षाच्या आतच तोडावी लागली होती. तो सोमारीहून पावसाळाभर लहान, आणि आता तळ्याच्या पाळीवरून बकऱ्यांमागं धावत सुटतो. सोमारी चार पावलं टाकायची, पोट पुढं करून बसायची... आणि सासू गुणाबाई म्हणायची, "लेकरू आपल्या सवडीनं वाढते. तू काऊन रोज मोजून राह्यली? पोट पाह्य तिचं, खाल्लेलं दिसते." गुणाबाईच्या त्या समाधानाचाच मनकर्णाला राग यायचा. आज बाजाराचा दिवस, मासळीची पाटी सासूच्याच पुढ्यात ठेवून ती पोरीला कडेवर घेऊन निघाली होती. फिरत्या दवाखान्याचा डॉक्टर येणार असं नवरा मनसाराम चामोर्शीहून ऐकून आला होता.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन वर्सं, जी."

त्यांनी मान वर केली. सोमारीकडं पाहिलं, बाजारात भोपळा पाहतात तसं, आणि कंपाउंडरला म्हणाले, "दीड लिहा." मग काट्यावरून उतरलेल्या पोरीकडं न बघताच, "दीड वर्षाच्या मानानं वजन बरं आहे. काही झालेलं नाही हिला. उगाच घाबरता तुम्ही बाया."

काही झालेलं नाही. ती उठली, पोरीला उचललं, अंगणातल्या कडुनिंबापर्यंत चालत गेली. पाय हलके पडत होते. घरी जाऊन सांगायचं, डॉक्टरनं पाहिलं, पोरगी बरी आहे... आणि मग निंबाखाली तिची पावलं आपोआप थांबली. दीड? मग उरलेलं दीड कुठं गेलं? शिमग्यात आलेला तो ताप, भर उन्हात दात वाजवणारा, गोधडीवर गोधडी घातली तरी न थांबणारा — तो कुणाला आला होता? 'बाबा' म्हणायच्या आधी सोमारी 'मासा' म्हणाली आणि मनसाराम दिवसभर हसत राहिला, तो दिवस कुणाचा? हगवणीचे ते दोन पावसाळे... कागदावर एक रेघ ओढली आणि सगळं गेलं, जसं मी ते काढलंच नाही, जसं मला मोजताच येत नाही!

आणि सोमारीच्या जन्माचा दिवस तर तिला पक्का ठाऊक होता. स्वराज्यात पहिल्यांदा मतं टाकायची होती, याच शाळेत, चित्रं लावलेल्या पेट्या मांडलेल्या. नऊ महिन्यांचं पोट घेऊन ती उभी होती. साहेब म्हणाला, नाव सांगा. पुढच्या बाईनं 'लटारूची बायको' सांगितलं, तिला परत पाठवलं. ही मात्र मोठ्यानं म्हणाली होती — मनकर्णा. बोटाला शाई लागली, आणि घरी पोचायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सोमवार होता. पोरीच्या गालाला पहिलं लागलं ते त्या काळ्या नखाचं बोट.

ती परत फिरली. रांग ओलांडून थेट टेबलापाशी गेली.

"बाई, रांगेत या," कंपाउंडर म्हणाला.

"रांगेतूनच गेली मी. तुमी लिवलं ते खोटं आहे, जी. पोरगी तीन वर्साची आहे. मतं टाकली त्याच दिवशी झाली. तुमच्या सरकारच्या कागदात तारीख असंल, पाहून घ्या."

डॉक्टर थकल्यासारखे हसले. "तुम्हा लोकांना तारखा कुठं आठवतात, बाई."

तुम्हा लोकांना. तिनं सोमारीला टेबलावर, त्यांच्या कागदांवरच, बसवलं आणि तर्जनीनं तिचा ओठ वर केला. "तारीख राहू द्या. दात मोजा."

"अहो बाई—"

"मोजा, जी. वरते दहा, खालते दहा. मागच्या दाढाबी आल्या. दीड वर्साच्या लेकराले येतेत का एवढ्या?"

रांगेतल्या बाया माना पुढं काढून पाहू लागल्या. सोमारी रडली नाही, तोंड उघडं ठेवून डॉक्टरांच्या चष्म्याकडं बघत राहिली. ते वाकले. ओठ हलले, मोजत होते बहुतेक. मग त्यांनी कंपाउंडरच्या हातून टाक घेतला, दीड खोडलं, तीन लिहिलं.

आणि आता कुठं त्यांनी झबलं वर केलं. डाव्या बरगडीखाली बोटं दाबली, आणखी खाली, पुन्हा दाबली. चेहरा बदलला.

"ताप येतो?"

"येते, जाते. थंडी भरते."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

"हे पोट खाण्याचं नव्हे, बाई. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, हिवतापानं. तीन वर्षांच्या मानानं वजन तर फारच..." ते थांबले. पुड्या बांधू लागले. या आठ दिवस द्यायच्या, पुढच्या बाजाराला पुन्हा दाखवायचं, उतार नसेल तर चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आवाज मघापेक्षा खाली आला होता. तिला तो आवाज मुळीच आवडला नाही.

तळ्याच्या पाळीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. पुड्या पदराच्या गाठीत होत्या, सोमारीचं डोकं खांद्यावर. दीड वर्षाची होती तोवर पोरगी बरी होती; मी भांडून तिला तीनची केली आणि आजारी केली — असं काहीतरी डोक्यात आलं आणि तिनं ते झटकलं. डॉक्टरवर चिडायला पाहिलं, तर दात मोजताना हलणारे त्यांचे ओठ दिसले. गुणाबाईवर चिडायला पाहिलं, तर ती बिचारी पोटावर हात फिरवत होती, कौतुकानं... शेवटी राग येऊन थांबला तो त्या चार पावलांवर, ओसरीपासून निंबापर्यंतच्या. ती पावलं आपणच चाललो होतो. हलक्या पायानं. कुणी पाहिलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं, आणि तरी तिला वाटलं, तू अशी हलकी होऊन का निघाली होतीस, हे कुणीतरी विचारावं, मोठ्यानं, चारचौघांत, म्हणजे उत्तर देता येईल.

"आई, थंडी," सोमारी खांद्यावर पुटपुटली.

भर उन्हात मनकर्णानं पदर ओढून तिला झाकलं. राग होता तिथंच होता. पण आता तो तिला जड वाटत नव्हता. चांद्यापर्यंत पुरायला हवा, एवढंच तिच्या मनात येत होतं, आणि ती भराभर चालू लागली.