चालत्या घराचा एकोणचाळिसावा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. माझं वय अवघं सात. पण घरात काही वाईट घडलं की एखादं पोर एकाएकी मोठं झाल्यासारखं दिसतं ना? तसं माझं झालंय.

मी मोटरहोम. म्हणजे चाकांवरचं घर. पुढे डिझेलचं इंजिन आणि दोन खुर्च्या. मागे छोटासा ओटा, घडीचं टेबल, पलंग आणि आत गेल्यावर वळता येणार नाही एवढीशी न्हाणी. माझं इंजिन एका कारखान्यात बसलं आणि घर दुसऱ्या कारखान्यात. तिथे एक सुतारदादा होते. माझा एकेक ड्रॉवर लावून झाला की ते त्याची कडी अंगठ्याने दाबून बघत आणि त्याला दम देत, "वळणावर उघडलास तर याद राख." ते सगळे ड्रॉवर अजून त्यांच्या धाकात आहेत. एकही कधी उघडला नाही.

माझे पहिले मालक हौशी होते. हौस दोन वर्षांत फिटली आणि मी गाड्या विकणाऱ्याच्या आवारात येऊन उभी राहिले. तिथे मला नकाशेकाका भेटले.

ते छत्तीस वर्षं एका कचेरीत नकाशे काढत होते. त्यांच्या टेबलासमोर खिडकी होती आणि खिडकीसमोर भिंत. दुसऱ्यांच्या रस्त्यांची वळणं काढता काढता केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपण काढलेल्या रस्त्यांवरून आपणच जायचं. काकू शिवणकाम करायच्या. मशीन कुठेही नेता येतं, म्हणाल्या, चला.

काका एक वही घेऊन आले होते. त्यांचे मित्र डिझेल गाड्यांचे मेकॅनिक. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्याजवळ बसून काकांनी वहीत प्रश्न उतरवले होते. फोनवरच बजावलं होतं, मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका. आल्या आल्या त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. गार लागलं तेव्हाच वही उघडली. गार इंजिन कसं सुरू होतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, हे आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत कळत नाही ना. मग ते गुडघ्यांवर बसले आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते त्यात असतं. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. माझ्या कपाटांत डोकं घालून त्यांनी वास घेतला, कारण छत गळत असेल तर डागाच्या आधी वास येतो. आधीच्या मालकांनी का विकली? किती महिने एका जागी उभी होती? धूर स्वच्छ करणारं पाणी कुठल्या टाकीत भरायचं, आणि संपलं तर काय होतं? माणसं, सामान आणि पाणी भरून वजन किती होतं, आणि किती चालतं? आमच्या गावाजवळ हिला उचलेल असा जॅक कुणाकडे आहे?

पलंगावर त्यांनी पाय ताणून झोपून बघितलं. न्हाणीचं दार लावून आत बसले आणि आतूनच विचारलं, "अगं, मी दिसतो का?"

"नाही," काकू बाहेरून म्हणाल्या. "आणि बरं वाटतंय."

पानं उलटत राहिली. उन्हात उभ्या काकूंचे पाय दुखायला लागले. त्या विकणाऱ्याला म्हणाल्या, "लग्नाआधी मला यांनी दोनच प्रश्न विचारले होते. त्यातला एक हवेबद्दल होता."

"म्हणून तर आता सावध झालोय," काका माझ्या खालून म्हणाले.

सगळं झाल्यावर विकणारा हसत म्हणाला, "काका, मोजले मी. अडतीस झाले. आता माझा एक. काकूपण चालवतील ना?"

"ह्या? ह्या नकाशा बघतील."

सगळे हसले. काकूही हसल्या. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मीही मनातल्या मनात हसले.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. काकूंनी मला निळ्या चौकड्यांचे पडदे शिवले. वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत जुनी बटणं घालून टाके मारले. काकांनी समोरच्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर कचेरीतल्या सुबक अक्षरांत माझी उंची लिहिली, म्हणजे बुटक्या पुलाखाली माझं टाळकं फुटायला नको. एखादं वळण आलं की ते वेग कमी करत आणि म्हणत, "हे मी काढलंय." काकू नकाशा उलटा धरत आणि तरी आम्ही बरोबर पोचत असू. जिथे थांबू तिथे लोक मला बघायला येत. काकू त्यांना पडदे दाखवत, काका इंजिन. मी अगदी फुलून जाई.

एकदाच काकांनी काकूंना मला चालवायला शिकवलं. मोकळं मैदान होतं, आणि कडेला एकच खांब. काकूंनी मला मागे घेतलं आणि नेमकी त्या खांबावर घातली. माझा मागचा कोपरा चेपला. काका रागावले नाहीत. खाली उतरून त्यांनी तो कोपरा रुमालाने पुसला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "राहू दे. तुला नाही जमायचं. मी आहे ना."

काकू उतरल्या. पुन्हा त्या खुर्चीत बसल्या नाहीत.

मित्रांनो, आता जे सांगायचंय ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

डोंगरातला रस्ता होता. सकाळची कोवळी उन्हं. काकांनी मला अचानक कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला आणि छातीवर हात ठेवला. काकूंनी त्यांना मागे पलंगावर नेऊन निजवलं. फोन लावला. पलीकडून एक बाई शांतपणे बोलत होत्या. रुग्णवाहिका खालच्या गावाहून निघत होती, पण वळणं होती, वेळ लागणार होता. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडी खाली आणू शकाल का? अर्ध्या वाटेत भेटू."

काकूंनी माझ्या स्टिअरिंगकडे पाहिलं. माझं इंजिन चालूच होतं. डिझेल अर्धी टाकी होतं. टायर चांगले होते, ब्रेक चांगले होते. अडतीसच्या अडतीस प्रश्नांची उत्तरं त्या दिवशीही बरोबर होती.

"मला येत नाही," काकू म्हणाल्या.

रुग्णवाहिका आली तेव्हा पाऊण तास झाला होता. खाली दवाखान्यात डॉक्टरांनी काकूंना बसवलं आणि म्हणाले, थोडं आधी... पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हे मला काकूंनीच सांगितलं. पुढे कितीतरी वेळा, एकट्या येऊन बसत तेव्हा.

मला वस्तादांनी घरी आणलं आणि फाटकाच्या आत उभं केलं. काकूंना माझ्यातलं एकच काम येत होतं, किल्ली फिरवायचं. दर रविवारी सकाळी दहाला त्या येत. शेजारच्याच खुर्चीत बसत, तिथूनच हात लांब करून किल्ली फिरवत, आणि भिंतीवरच्या घड्याळात बघावं तशा काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत. दहा मिनिटं झाली की इंजिन बंद. त्यांना वाटे, एवढ्याने मी जिवंत राहते आहे.

आमच्यासारख्या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. आम्ही लांब आणि वेगात पळालो की तिच्यातली काजळी जळून जाते. जागच्या जागी दहा मिनिटं धुगधुगलो की काजळी नुसती साठत जाते. काकू मायेने मला रविवारचा घास भरवत होत्या आणि तो माझ्या घशात अडकत होता. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, काकू, मला चालवा, नाहीतर झोपू द्या. पण त्या दहा मिनिटांत त्या काकांशी बोलायच्या. मी घुसमटत होते आणि तरी रविवारची वाट बघत होते.

चौदा महिन्यांनी माझ्या स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा लागला. वस्ताद आले, खाली शिरले, वर आले आणि बराच वेळ हात पुसत राहिले. मग त्यांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात.

"म्हणजे हिलाही मीच..." काकू म्हणाल्या.

"वहिनी, तसं नाही. कुणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला," वस्ताद म्हणाले. त्यांनी मला तासभर मोठ्या रस्त्यावर पळवून आणलं, गाळणी साफ केली. बरीचशी काजळी निघाली. सगळी नाही.

मग काकूंनी मला विकायचं ठरवलं. त्यांच्या लेकीनेही तेच टुमणं लावलं होतं.

एक जोडपं आलं. नवरा संगणकावर काम करणारा, कुठेही बसून करता येईल असं. बायकोच्या कडेवर आठ महिन्यांची पिटुकली. नवऱ्याने फोनमध्ये यादी आणली होती. काकूंनी प्रत्येक उत्तर खरं दिलं. कुणी विचारलं नसतं तेही दिलं. ही चौदा महिने उभी होती. मी रोज नाही, पण दर रविवारी हिचा गळा दाबलाय. गाळणी वस्तादांकडून तपासून घ्या. कोपरा चेपलाय तो माझ्यामुळे.

"पण किलोमीटर किती कमी झालेत," नवरा खूश होऊन म्हणाला.

"उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. दुखणी वाढतात," काकू म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या बायकोकडे, त्या तरुण मुलीकडे, बोट केलं. "आता माझा एक प्रश्न. ही चालवेल ना?"

"ही? हिला कुठे एवढी मोठी गाडी. ही पिटुकलीला बघेल."

काकूंनी टेबलावरची किल्ली उचलली आणि कनवटीला खोचली. "मग मला विकायची नाही."

नवरा चिडून गेला. लेक फोनवर चिडली, आई, हे काय खूळ डोक्यात घेतलंस. आणखी दोन गिऱ्हाइकं आली, तीही तशीच परत गेली. वस्तादसुद्धा म्हणाले, वहिनी, अशाने ही इथेच गंजेल. मलाही भीती वाटायला लागली होती.

तीन आठवड्यांनी ती मुलगी एकटी आली. कडेवर पिटुकली होतीच.

"काकू, शेजारच्या पाववाल्याची व्हॅन चालवायला शिकले मी," ती म्हणाली. "यांना आधी राग आला, मग पिटुकलीला यांनीच सांभाळलं. पण ही गाडी मागे घेताना घाम फुटेल मला."

"फुटू दे," काकू म्हणाल्या.

पिटुकलीला मांडीवर घेऊन काकू शेजारच्या खुर्चीत बसल्या. मुलीने मला सुरू केलं. तिच्या तळव्यांचा घाम मला स्टिअरिंगवर कळत होता. तिने मला मागे घेतलं, हळूहळू, आणि माझा तोच कोपरा फाटकाच्या खांबाला घासला. कर्रकन आवाज झाला. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दाराकडे हात नेला.

काकूंनी तो हात धरला.

"उतरू नकोस," त्या म्हणाल्या. "पुन्हा घे."

तिने पुन्हा घेतलं. चौथ्या वेळी मी फाटकाबाहेर पडले. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, आणि खूप दिवसांनी माझ्या छातीतली काजळी जळायला लागली. काकू सगळा वेळ रस्त्याकडे बघत होत्या. डोळे वाहत होते आणि पिटुकली ते पाणी बोटाने गालभर पसरवत होती.

ते तिघं मला न्यायला आले त्या दिवशी काकूंनी मुलीला काकांची वही दिली. अडतीस प्रश्न सुबक अक्षरांत. त्यांच्या खाली शिवणकामाच्या खडूने लिहावं तशा मोठ्या अक्षरांत एकोणचाळिसावा. निघताना त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. मी गरम होते. हात बराच वेळ तिथेच राहिला.

मित्रांनो, आता माझे पडदे तेच आहेत, उंचीची पट्टी तीच आहे. मी पळते, थांबते, लोक मला बघायला येतात. तरी रविवारी सकाळी दहाला शेजारच्या खुर्चीकडे माझं लक्ष जातंच. तिथून कुणी हात लांब करत नाही. त्या अंगणात आता मोकळी जागा आहे आणि त्या जागेसमोर एक बाई एकटी उभी असेल, हे मला माहीत आहे.

म्हणून माझं एवढं ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखी गाडी यायची असेल, तर टायरचे आकडे वाचा, कपाटांचा वास घ्या, गार इंजिनावर हात ठेवा. आल्यावर आम्हाला नुसतं उभं ठेवू नका. आणि हे सगळं झालं की आईकडे बघा. तिच्या हातून कोपरा चेपला तर हसू नका, राहू दे म्हणू नका. कारण एखाद्या सकाळी फोनवर कुणीतरी शांतपणे विचारेल, तुम्ही गाडी खाली आणू शकाल का? तेव्हा मी अगदी तयार असेन, इंजिन चालू असेल, टाकी अर्धी भरलेली असेल. फक्त "हो, निघालेच" म्हणणारं आणखी एक माणूस माझ्यात असायला हवं.