रहमतचाचांची पळती हिरवळ

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. घाबरू नका, धान्य कुरतडणारा नव्हे, कॉम्प्युटरचा. शेपटी मलाही आहे, पण डोळा एकच आणि तोही पोटाखाली. त्यामुळे जन्मभर मी टेबलच पाहिलं. ज्या पडद्यासाठी राबलो, तो मला दिसायचा नाही. समोर काय चाललंय ते माणसांच्या बोटांवरून आणि बोलण्यावरून ताडावं लागायचं, बाकीचं मागाहून त्यांच्या गप्पांतून कळायचं. म्हणूनच की काय, माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस.

कुठल्याशा कारखान्यात जन्मलो आणि खोक्यात बसून, एसटीचे धक्के खात बोरी अरबला आलो. बस स्टँडसमोर साजिदचं नेट कॅफे होतं. त्यातल्या खिडकीजवळच्या कॉम्प्युटरला त्याने मला जोडलं. ते कापसाचे वाईट दिवस होते. एका वर्षी पाऊस दगा द्यायचा, दुसऱ्या वर्षी भाव. लोक माझ्यावर हात ठेवून दोनच गोष्टी शोधायचे, कापसाचा भाव आणि मुलांचा निकाल. दोन्ही वेळा बोटांना घाम असायचा.

एके दिवशी माझ्यावर निराळाच हात पडला. अगदी धपकन पडला. तो रहमतचाचांचा होता.

रहमतचाचा गावचे पिंजारी. चाळीस वर्षं त्यांनी धनुष्यासारख्या पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठ्या मारून रुई पिंजली आणि गाद्या भरल्या. त्यांच्या घराची एक रीत होती. घरचं लेकरू बाहेरगावी राहायला निघालं की त्याला चाचांनी स्वतः टाके घातलेली गादी मिळायची. आता त्यांची नात माहनूर नर्सिंग शिकायला यवतमाळच्या होस्टेलवर निघाली होती. पण हिवाळ्यात चाचांच्या उजव्या हाताला लकवा मारून गेला. दवापाण्याने हातात जोर आला, माप मात्र आलं नाही. सुई धरली की वाकायची, टाका ओढला की कापड फाटायचं. बोटांना बारीक बारीक काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

माहनूर फॉर्म भरायला चाचांना सोबत घेऊन आली, तेव्हा साजिदने त्यांच्या बोटांसाठी गोल्फचा ऑनलाइन खेळ लावून दिला. खेळ तसा सोपा. बटण दाबून मला मागे ओढायचं आणि सोडून द्यायचं. जेवढं मागे ओढाल, तेवढा चेंडूला जोर. शेवटी चेंडू खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर पोचला की तो हळूच खड्ड्यात घालायचा.

हिरवळ! हा शब्द ऐकला आणि माझं कुतूहल चाळवलं. ती कशी असते? मऊ असते का? बोरीत कुणीच गोल्फची हिरवळ पाहिली नव्हती. चाचांचे शेतकरी मित्र वामनराव एकदा डोकावले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"काहो रहमतभाई, हे तं हरळी होय! आमी निंदून निंदून मेलो, अन् हे लोक तिले पोसून राह्यले?"

"पोसत नाही नुसते, रोज हजामत करतात तिची," साजिद म्हणाला.

"घ्या! माझ्या वावरात या म्हणा, फुकट देतो."

खेळाच्या पहिल्या पायरीवरची हिरवळ संथ होती. चेंडू रखडत जायचा, त्यामुळे चाचांचा भारी हात तिथे चालून गेला. रोज दुपारी ते येत, मला दणकून ओढत, आणि खड्ड्यातून 'टप्' असा आवाज आला की टाळी देत. "माउस मोठा गुणी हाये," असंही म्हणत. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो. तीन आठवड्यांत चाचा वरच्या पायरीवर चढले.

तिथे मात्र घोडं अडलं. चाचांनी नेहमीसारखं मला ओढून सोडलं. 'टप्' आलं नाही, 'डुबुक' आलं. चेंडू खड्डा ओलांडून, हिरवळ ओलांडून पलीकडच्या पाण्यात गेला होता. पुन्हा मारला, पुन्हा डुबुक.

"चाचा, इथली हिरवळ फास्ट हाये," साजिद म्हणाला. "जसजसे वर जाल, तसतशी ती पळती होत जाते."

"गवत कसं पळन बे? हा माउसच बिघडला."

"नाना, जोर कमी लावा नं," माहनूर म्हणाली.

"एवढ्या मुश्किलीने जोर आला, तो कमी कायले करू?" असं म्हणून चाचांनी मला टेबलावर आपटलं. माझ्या पाठीला तडा गेला. पण मित्रांनो, दुखणं तड्याचं नव्हतं. कालचा गुणी मी आज बिघडलेला ठरलो, ते फार लागलं.

चाचा यायचे थांबले. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणत मीही रुसून बसलो. चार दिवसांनी माहनूर एकटीच होस्टेलचं पत्र छापायला आली.

"परवा निघायचं हाये," ती साजिदला म्हणाली. "नाना म्हणतात, फोमची गादी घेऊन टाक, माझा हात गेला आता. गादीचं मले काही नाही, साजिदभाई. पण नाना तसं म्हणाले नं, ते नाही सहन होत." हे ऐकलं आणि माझा रुसवा तिथेच विरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव एक गाठोडं घेऊन आत शिरले आणि मागोमाग चाचांनाही ओढत घेऊन आले.

"भाव नाही म्हणून कापूस घरीच पडून होता," ते म्हणाले. "त्यातला थोडा जिनात नेला अन् सरकी काढून आणली. पोरीच्या गादीले घ्या. अन् तोंड पाडून घरी कायले बसता? खेळा थोडं."

चाचांनी सवयीने रुईची एक बट चिमटीत धरून ओढली, उजेडात पाहिली.

"नवी रुई हाये," ते हळूच म्हणाले. "जुनी रुई गोळे धरते, तिले दणका पाहिजे. नवीले दणका देला तं तिचा धागा तुटते. तिले नुसतं जागं करा लागते." मग ते थबकले. "साजिद, मी त्या गवतावर जुन्या रुईचा दणका मारून राह्यलो होतो."

ते खुर्चीत बसले. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. पण पडद्यावरचा बाण उड्या मारू लागला. या वेळी बिघाड खरंच माझ्यात होता. गाठोड्यातला एक तंतू उडून माझ्या पोटाच्या डोळ्यात अडकला होता.

"कचरा गेला असन," साजिद म्हणाला.

चाचांनी मला उलटं केलं. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी टेबलाऐवजी जग पाहिलं! वर फिरणारा पंखा, वामनरावांच्या मिशा, चाचांचा वाकलेला चेहरा आणि एका कडेला, पडद्यावर, एक हिरवागार तुकडा. हीच ती हिरवळ. एवढीशी तर होती! मग दोन बोटं जवळ आली. त्यांनी तो केसाहून बारीक तंतू अलगद धरला आणि काढून घेतला. मला साधी गुदगुलीसुद्धा झाली नाही.

चाचांनी मला सरळ ठेवलं आणि गव्हाच्या दाण्याएवढं मागे घेऊन सोडलं. मी कान देऊन राहिलो.

टप्.

वामनरावांनी आरोळी ठोकली. चाचा मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. त्याच्या बोटाला तो तंतू अजून चिकटलेला होता.

"वामनराव," ते म्हणाले, "गाठोडं उचला. घरी चला. पोरगी उद्या निघते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत गुंडाळलेली गादी चढवताना माहनूर रडतही होती आणि हसतही होती, असं साजिदने सांगितलं. टाके थोडे वाकडे होते म्हणे, पण कापड कुठे फाटलं नव्हतं. उरलेल्या रुईची चाचांनी माझ्यासाठी एक वीतभर गादी शिवून आणली आणि पाठीवरच्या तड्यावरून अंगठा फिरवला. "माफ कर बाबा," एवढंच म्हणाले.

त्या उंचसखल गादीवर माझा बाण बेडकासारखा उडायचा, म्हणून साजिदने मला पुन्हा टेबलावर घेतलं. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, कॅफे बंद झालं आणि मी ड्रॉवरमध्ये आलो. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. त्या गादीवरच मी पडून असतो.

मित्रांनो, तुम्हीही वरच्या वर्गात, नव्या गावात, नव्या कामाला जाल. तिथली हिरवळ पळती असेल. चेंडू पाण्यात गेला तर हातातल्या वस्तूला आपटू नका आणि आपल्या हातावरही रुसू नका. आधी चिमटीत धरून पाहा, रुई नवी आहे की जुनी. आणि कधी एखादा जुना ड्रॉवर उघडलात, तर आत हळू हात घाला. तिथे कुणीतरी गादीवर झोपलेलं असेल.